बाजूची सीट

मोठ्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षीचा उन्हाळा सरत आला होता. सोमवारी सकाळी मिस्त्रीनं कारखान्यातल्या खुंटीवरून गाडीची किल्ली काढली, मुठीत दाबून धरली आणि परत खुंटीला अडकवून टाकली.

"का हो?" मावशींनी विचारलं. मावशी काचा धुवायच्या कामाला होत्या, पण त्यांचं निम्मं लक्ष कायम दुसऱ्यांच्या हातांकडे असे.

"खांदा धरलाय," मिस्त्री म्हणाला. बोलून झाल्यावर त्यानं खांद्याला हात लावला.

"आधी बोललात, मग दुखायला लागला वाटतं."

मिस्त्रीनं ऐकलं नाही असं दाखवलं. बाहेर गाडी भरून तयार होती. मागच्या घोड्याला, म्हणजे काचा उभ्या टेकवायच्या लाकडी चौकटीला, तावदानं पट्ट्यांनी आवळलेली होती. आणि पाहुणा नेहमीसारखा पुढं, बाजूच्या सीटवर जाऊन बसला होता. कोपर खिडकीत, मान मागं टेकलेली, ओठांवर कसलीशी शीळ. मिस्त्रीनं रोजच्यासारखी त्याच्याकडे पाठ केली. आज जरा जास्तच झटक्यानं.

पाहुणा म्हणजे मिस्त्रीचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं दुकान बसलं तेव्हा बायकोनं टुमणं लावलं आणि मिस्त्रीनंच त्याला हाताला धरून या काचेच्या कारखान्यात आणलं. "आमचे पाहुणे आहेत, जरा सांभाळून घ्या," एवढंच तो सगळ्यांसमोर बोलला होता. त्या दिवसापासून सगळे त्याला पाहुणा म्हणू लागले. आता त्याला इतकी वर्षं लोटली होती की पाहुण्याच्या कानशिलावरचे केस पिकले होते. "पाहुणा आला तो गेलाच नाही," हा विनोद मिस्त्री अजूनही करायचा. पहिल्या वर्षी लोक हसले होते.

कारखाना बाईंचा. नवरा गेल्यावर बाईंनी तो एकटीनं चालवला, आणि चालवला तोही असा की बाजारात लोक त्यांच्या नवऱ्याचं नाव विसरून गेले. त्या वरच्या मजल्यावर चारी बाजूंनी काच लावलेल्या खोलीत बसत. तिथून खालचं सगळं दिसे आणि खालच्यांना त्या दिसत. पाहुणा कामाला लागला त्या पहिल्याच आठवड्यात बाई जिना उतरून खाली आल्या होत्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या होत्या, "गाडी मिस्त्रीच चालवतील. पाहुणे बाजूला बसतील, मापं घेतील." का, कशासाठी, काही नाही. तेव्हापासून वयानं थोरला, नात्यानं थोरला, कामात थोरला असा मिस्त्री गाडी हाकत होता, आणि काल आलेला पाहुणा साहेबासारखा बाजूला बसून गाव फिरत होता.

गिऱ्हाइकाच्या दारात गाडी थांबली की लोक आधी बाजूच्या दाराकडे यायचे. जो चालवत नाही तो मोठा, असं लोक धरूनच चालतात. एकदा एका बंगल्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पाहुण्याला खुर्ची दिली आणि आत वळून हाक मारली, "ड्रायव्हरलाही पाणी द्या गं." पाहुणा लगेच उठून उभा राहिला. "अहो, ते आमचे मिस्त्री. मी त्यांच्या हाताखाली आहे," म्हणाला. मिस्त्रीला त्या म्हाताऱ्यापेक्षा पाहुण्याचाच राग जास्त आला. मोठा समजला जायचा मान त्याचा, आणि तो नम्रपणे नाकारायचा मानही त्याचाच.

सासुरवाडीला तर विचारायलाच नको. पाहुण्याची बायको गाडी चालवायची. सणावाराला, दुखण्याखुपण्याला दोघं आईकडे यायचे ते असे, की धाकटी स्टिअरिंगवर आणि हा बाजूला. सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या. "आमच्या धाकट्या जावयानं बायकोला गाडी शिकवली हो! स्वतः बाजूला बसतो आणि तिला चालवायला देतो. असा नवरा मिळायला नशीब लागतं." त्या दिवशी परतीच्या वाटेवर मिस्त्रीची बायको खिडकीबाहेर बघत बसायची.  मिस्त्रीनंही एकदा तिला शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच वळणावर तो इतका ओरडला की ती गाडी रस्त्यात सोडून उतरली आणि चालत घरी गेली. त्यावर तिनं आयुष्यात एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

आणि आता हे असं झालं होतं.

मुलीच्या सासरी व्याह्यांनी जेवायला बोलावलं होतं. व्याही मोकळा माणूस. लग्नात पाहुण्यानं हातातला सरबताचा ग्लास दाखवून "मी घेत नाही" म्हटलं होतं, ते त्यांच्या मनात राहिलं होतं. बाटली उघडताना ते हसून म्हणाले, "तुमचे साडू काही आमचा मान राखत नाहीत. तुम्ही तरी राखा. तुम्ही दिलदार दिसता." इतक्या वर्षांत पाहुण्याच्या शेजारी उभं करून कोणी मिस्त्रीला उजवं म्हटलेलं नव्हतं. त्यानं ग्लास पुढं केला. रिकामा झाल्यावर परत पुढं केला. बायकोनं टेबलाखालून चिमटा काढला तरी पुढं केला. परतताना चौकात पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, नळीत फुंकायला सांगितलं आणि मशीनकडे बघून एकानं दुसऱ्याला नुसती भुवई उडवून दाखवली.

शुक्रवारी कोर्टात उभा राहून तो गुन्हा कबूल करून आला होता. दंड झाला, आणि सहा महिन्यांसाठी लायसन गेलं. मिस्त्रीशिवाय हे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं. मुलीला सांगायची सोय नव्हती, कारण पाजणारा तिचा सासरा. आणि बाईंना सांगायची सोय नव्हती, कारण नवी गाडी येणार होती.

नव्या गाडीचं बाईंनीच त्याला सांगितलं होतं, लग्नाच्या आधी, वर बोलावून. "माझे गुडघे आता ऐकत नाहीत. बाहेरचं सगळं एकाच्या हाती द्यावं म्हणते. मापं, गिऱ्हाईक, माणसं, सगळंच. नवी गाडीही त्याच्याच ताब्यात. तुमचं किंवा पाहुण्यांचं, दोघांपैकी एकाचं नाव माझ्या मनात आहे. लग्न उरका, मग बोलू." त्या जिन्यावरून खाली येताना मिस्त्रीला वाटलं होतं, आता पुढची दहा वर्षं गाडीतून उतरल्यावर लोक आधी आपल्याकडे येतील.

सोमवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"सांगितलंत बाईंना?"

"खांदा धरलाय असं सांगितलंय."

"आणि सहा महिने खांदा धरून बसणार?"

मिस्त्री मोजे काढत बसला.

"सांगून टाका," ती म्हणाली. "ओरडतील. दुसरं काय करतील?"

"नवी गाडी त्याला देतील."

"देऊ देत की. घरातच राहतंय."

"घरात कुठलं? तुझ्या बहिणीच्या घरात."

तिनं हातातल्या शर्टाची घडी मोडली आणि परत घातली. "तुमचं पोट दुखायचं कधी थांबणार हो?"

"खांदा," मिस्त्री म्हणाला.

तिला हसू आलं, पण तिनं ते शर्टात लपवलं. "मी बोलू का बाईंशी?"

"तू मधे पडू नकोस."

बाईंनी ड्रायव्हरसकट भाड्याचा टेम्पो लावला. मिस्त्री आत कापणीच्या टेबलापाशी उभा राहू लागला. काचेवर कापायची हिरकणी ओढताना जो बारीक, सलग आवाज येतो तो त्याच्या हाताखाली नेहमी एकसारखा यायचा, या दिवसांत तो मधेच खरखरू लागला. पाहुणा टेम्पोतून कामं करून यायचा आणि पहिला मिस्त्रीकडे यायचा. त्यानं मलमाची डबी आणून दिली. जड काच उचलायची वेळ आली की "दादा, तुम्ही थांबा, मी धरतो" म्हणून पुढं व्हायचा. एकदा त्यानं मिस्त्रीचा डबासुद्धा उचलून आणला.

"मेलेलो नाही मी अजून," मिस्त्री म्हणाला.

"नाही हो दादा. खांद्याचं वाईट असतं, म्हणून म्हटलं."

मावशी पाण्याची नळी बंद करून ऐकत होत्या. पाहुणा गेल्यावर म्हणाल्या, "असा साडू मिळायला नशीब लागतं."

हेच वाक्य जगातल्या सगळ्या बायकांना कोणी पाठ करून दिलंय का, असं मिस्त्रीला वाटलं.

तो जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत रोज जायचा. कधी अर्ध्या जिन्यापर्यंत. एकदा तर बाईंच्या दारात जाऊन उभा राहिला, आणि बाईंनी मान वर केली तसं त्याच्या तोंडून निघालं, "लांबी संपत आलीय." तावदान बसवायला लागणारी लांबीची नवी पिंपं खाली कोपऱ्यात रचून ठेवलेली होती, वरून काचेतून दिसत होती. बाईंनी ती बघितली, मग मिस्त्रीकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या. "खांदा बरा झाला की या. नव्या गाडीचं बोलायचंय." तेव्हा खाली उतरताना मिस्त्रीनं पक्कं ठरवलं की बोलायचंच नाही. खांदा बरा झाला म्हणायचं, नवी गाडी घ्यायची, आणि चालवायची. काचेच्या गाडीला कोण अडवतो? मग त्याला चौकातला पोलीस आठवला, त्याची उडालेली भुवई आठवली, आणि हेही आठवलं की गाडी बाईंच्या नावावर असणार, सापडलो तर कोर्टात बाईंना उभं राहावं लागेल. पण हे सगळं आठवूनही जिना परत चढायला पाय उचलला जाईना. सांगितलं तर संध्याकाळच्या आत पाहुणा नव्या गाडीत. बाजूच्या सीटवरून थेट स्टिअरिंगवर. आणि रविवारी सासूबाई शेजारणींना बोलावतील.

पुढच्या आठवड्यात एका दुकानाची दर्शनी काच आली. माणसापेक्षा उंच, जाड, एका कडेनं घासायची राहिलेली. ती टेबलापासून घोड्यापर्यंत न्यायची होती. मिस्त्री एका टोकाला, पाहुणा दुसऱ्या.

"दादा, मावशींना बोलावू का हात लावायला?"

"चल, उचल."

उचलली. इतक्या वर्षांच्या सवयीनं दोघांची पावलं एकदम पडत होती. काच दोघांच्या मधे पाण्यासारखी स्थिर चालली होती. आणि तेवढ्यात मिस्त्रीची नजर वर गेली. बाई खोलीत उभ्या राहून खाली बघत होत्या. मिस्त्रीच्या एकदम लक्षात आलं की आपला उजवा खांदा दुखतोय. म्हणजे दुखायला हवा. त्यानं घाईघाईनं उजवा खांदा पाडला, तोंड कसनुसं केलं, आणि काचेचं सगळं वजन एका कोपऱ्यावर आलं.

त्या कारखान्यात एक रीत होती, बाईंच्या नवऱ्यानं घालून दिलेली. काच फुटली की ती ज्याच्या हातून सुटली त्यानं त्याच क्षणी मोठ्यांदा ओरडायचं, "माझी!" बाकीच्यांनी असतील तिथं थांबायचं, पाऊल उचलायचं नाही. ओरडणाऱ्यानंच झाडू घ्यायचा, कारण तुकडे कुठं कुठं गेले ते त्यालाच कळलेलं असतं. आणि एकदा आवाज दिला की त्या काचेबद्दल पुढं कोणी, अगदी बाईंनीसुद्धा, चकार शब्द काढायचा नाही. गप्प राहिलेल्याला मात्र माफी नव्हती.

काच जमिनीवर आदळली. तुकडे पार धुण्याच्या हौदापर्यंत गेले.

"माझी!" पाहुणा ओरडला.

सगळे थांबले. मावशींच्या हातातली नळी पायांवर वाहत राहिली. मिस्त्रीचं तोंड उघडं होतं आणि त्यात तोच शब्द होता, पण तो बाहेर यायच्या आत पाहुण्यानं नेला होता.

"माझी होती ती," मिस्त्री म्हणाला.

"असू द्या दादा. खांद्यामुळं झालं."

"असू द्या काय? माझ्या हातून सुटली."

"मी आवाज दिला ना. झालं."

"तू का दिलास? तुझी होती का?"

"अहो, कोणाची का असेना..."

"कोणाची का असेना कशी? माझी आहे!" मिस्त्रीचा आवाज चढला. "काच माझी, हात माझा, चूक माझी. ती तरी माझ्याकडे राहू दे की रे!"

"मला वाटायचं माणसं जमिनीवरून भांडतात," मावशी कोणाला तरी म्हणाल्या. "हे फुटक्या काचेवरून भांडतायत."

पाहुण्यानं झाडूला हात घातला होता. मिस्त्रीनं तुकडे तुडवत जाऊन तो त्याच्या हातातून हिसकावला, आणि मग तिथं झाडायचं सोडून, झाडू तसाच हातात धरून, तरातरा जिना चढला. या खेपेला पाय कुठंच अडला नाही.

"बाई, ती काच माझ्या हातून फुटली."

बाई अजून उभ्याच होत्या. "आवाज पाहुण्यांचा ऐकला मी."

"आवाज त्याचा. काच माझी."

"बरं. आवाज दिल्यावर काचेबद्दल बोलायचं नाही, ही रीत आहे ना आपली?"

"माझा खांदा दुखत नाही," मिस्त्री म्हणाला.

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी त्याला बस म्हटलं नाही, आणि तो बसलाही नसता. झाडूची मूठ दोन्ही हातांनी धरून त्यानं सांगून टाकलं. व्याह्यांकडचं जेवण, चौक, नळी, कोर्ट, लायसन. सांगायला फार वेळ लागला नाही. इतके दिवस जे छातीवर दगडासारखं होतं ते बोलून बघितलं तर चार-पाच वाक्यांचं निघालं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले.

"तुम्ही दोघं साडू एकाच शाळेत शिकलात की काय?"

"दोघं?"

बाईंचा हात डोळ्यांवरच थांबला. "म्हणजे तुम्हाला..." त्या म्हणाल्या. खालून नळीच्या पाण्याचा आवाज येत होता. "मला वाटलं घरातलंच आहे, इतक्या वर्षांत तुम्हाला माहीत झालं असणार. तुम्हीच तर घेऊन आलात त्यांना."

"काय माहीत असणार?"

"आता अर्धं बोलून बसले," बाई स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा परत घातला. "ते कामाला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली होती. तुमचा भार हलका व्हावा म्हणून. त्यांनी ती इथं, या टेबलावर ठेवली आणि सांगितलं. दारू पिऊन चालवताना सापडलोय, लायसन काढून घेतलंय. कोणी विचारलं नव्हतं. घरी कळू देऊ नका एवढंच म्हणाले, सासरी मान जाईल. म्हणून मी खाली येऊन सांगितलं, गाडी मिस्त्रीच चालवतील."

मिस्त्री काचेतून खाली बघत होता. पाहुणा वाकून हातानं मोठे तुकडे गोळा करत होता.

"ते तर कधीच परत मिळालं असेल," तो म्हणाला.

"मिळालं की. मी किल्ली दोनदा पुढं केली. नको म्हणाले. दारूही नको आणि स्टिअरिंगही नको. बायकोला शिकवलं आणि आपण मोकळे झाले."

"पहिल्याच आठवड्यात सांगितलं?"

"हो."

"कोणी न विचारता?"

"हो, मिस्त्री."

मिस्त्रीनं मान हलवली. इतक्या वर्षांत ज्या सीटकडे बघून त्याचा जीव जळला होता ती सीट काय होती हे त्याला कळलं होतं, आणि तरी हेवा गेला नव्हता. आपण होऊन चूक सांगायचं हे एक काम तरी त्याला मनापासून आधी करायचं होतं. तेही पाहुणा करून बसला होता.

"बाहेरचं काम मी पाहुण्यांना देते," बाई म्हणाल्या. "खरं सांगू, मनात तुमचं नाव होतं. पण इतके दिवस तुम्ही गप्प राहिलात, त्याला इथं माफी नाही. नवी गाडी चालवायला माणूस ठेवू. तुम्ही आतलं सगळं बघा. लायसन आलं की जुनी गाडी तुमची. वाईट वाटून घेऊ नका."

"वाटणारच," मिस्त्री म्हणाला.

बाई हसल्या. "हे मात्र लगेच सांगितलंत."

तो खाली आला तेव्हा सगळे आपापल्या कामाला लागले होते, म्हणजे कामाला लागल्यासारखे दिसत होते. पाहुणा उकिडवा बसून मिस्त्रीकडे बघत होता.

"रागावलात दादा?"

"सरक. टेबलाखाली गेलेत तुकडे, ते तुला नाही दिसायचे."

मिस्त्री झाडू लागला. पाहुणा सुपलीत भरू लागला. बारीक चुरा पाण्यात मिसळून चमकत होता, तो ओल्या फडक्यानं टिपावा लागला. 

"मला एक सांग," मिस्त्री फडकं पिळत म्हणाला. "बाजूच्या सीटवर बसल्यावर हात कुठं ठेवायचे?"

पाहुण्याचा हात सुपलीवर थांबला. त्यानं वर, बाईंच्या खोलीकडे बघितलं. बाई कागदात डोकं घालून बसल्या होत्या, मुद्दाम बसाव्यात तशा. मग त्यानं मिस्त्रीकडे बघितलं, आणि त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"पहिले काही दिवस मांडीवर," तो म्हणाला. "तिथं ते फार थरथरतात. मग मी एक खिडकीत ठेवायला लागलो."

"हं."

"पाय मात्र अजून ब्रेक दाबतो. तुम्ही चालवत असलात की जास्तच."

"माझ्या चालवण्याला काय झालं?"

"काही नाही दादा."

रविवारी सासूबाईंकडे सगळे जेवायला जमले. मिस्त्री आणि त्याची बायको बसनं आले. धाकटी आणि पाहुणा गाडीनं आले, नेहमीसारखेच बसून. नव्या कामाची बातमी धाकटीनं आधीच आईला दिली होती, त्यामुळं सासूबाईंचा चेहरा फुलला होता. पण त्या न्यायी बाई होत्या. मोठ्या जावयाचंही त्यांना बघायला हवं होतं. पानं वाढून झाल्यावर त्यांनी मिस्त्रीच्या ताटाकडे बघत विषय काढला.

"थोरले जावई, एक विचारू? रागावणार नाही ना? तुम्ही इतके जुने. मग बाईंनी धाकट्यांना कसं दिलं हो बाहेरचं?"

टेबलावरचे हात मंदावले. मिस्त्रीच्या बायकोनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं पाण्याचा जग उचलला आणि भरलेल्याच ग्लासात थोडं पाणी ओतलं. पाहुणा ताटात बघत होता. मिस्त्रीनं त्याच्याकडे पाहिलं, त्या वाकलेल्या मानेकडे, पिकलेल्या कानशिलांकडे. पाहुण्याचं गुपित फोडायला एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर तयारही होतं, आणि या टेबलावर ते कुठंकुठं जाऊन लागेल हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

"माझं लायसन काढून घेतलंय," मिस्त्री म्हणाला. "दारू पिऊन गाडी चालवली मी. कोर्टात गुन्हा कबूल करून आलोय. बाईंना मीच सांगितलं."

 धाकटीनं नवऱ्याकडे बघितलं. पाहुण्याचा घास हातातच राहिला. त्यानं तो ताटात ठेवला, हात पुसला आणि मान वर केली.

"आई, खरं म्हणजे मी पण..."

मिस्त्रीनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. जोरात दिला, पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी यावं इतका.

"तू जेव," तो म्हणाला.

"दादा, मला..."

"जेव म्हणतो ना. मी बोलतोय. एकदा तरी मला आधी बोलू दे."

पाहुण्यानं घास परत उचलला. सासूबाईंना यातलं काही उमगलं नाही, त्या अजून पहिल्याच धक्क्यातून सावरत होत्या. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं.

"काय हे थोरले जावई," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारख्यानं असं करावं? अहो, धाकट्यांकडून शिका जरा."

मिस्त्रीच्या बायकोनं जग खाली ठेवला. ती आता नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याचा आवाज कधी चढणार याची वाट बघत असल्यासारखी.

"शिकतोय," मिस्त्री म्हणाला, आणि ताट पुढं ओढून जेवायला लागला.

पाहुणा त्यानंतर तिसऱ्या वर्षी, मोठ्या मुलीला मुलगा झाला त्या हिवाळ्यात, हृदयाच्या झटक्यानं वारला. सासूबाई पुढच्या वर्षी उन्हाळ्यात गेल्या, धाकट्या जावयाचंही लायसन एकदा गेलं होतं हे न कळताच.